कॅनॉपीवाल्या पिकअपमधून कुत्रा नेताना
अरे कुत्र्याला मागं न्यायला व्ही-क्रॉस पिकअपच्या हौद्यावर कॅनॉपी, म्हणजे खिडक्यांचं बंद छत, बसवलीस छान केलंस, पण गादीबिदी नंतर बघ, आधी हवेचं बघ. मागची काच उघडी ठेवून गाडी पळवलीस ना तर सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो, म्हणून मागचं बंद आणि बाजूच्या खिडक्या उघड्या, हे पक्कं लक्षात ठेव. हौद्याचा पत्रा तापतो, त्यावर जाड रबर मॅट टाक मग गोधडी. कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नकोस, ताम्हिणीच्या वळणांवर गळा आवळेल, क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, घे आणि तो कसून बांध. निघायच्या तीन-चार तास आधी खायला नको नाहीतर ओकतो, पाणी मात्र दर थांब्याला पाज. आणि पग असेल तर उन्हाळ्यात मागं ठेवूच नकोस, पुढं एसीतच घे, चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाडा खरंच सोसत नाही रे.