रमी कौशल्याची असली तरी: ऑनलाइन जुगारबंदीविषयी वाचकांचे प्रश्न

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ओळख पटेल असे घरगुती तपशील गाळले आहेत.

प्रश्न: माझा मुलगा दोन वर्षे मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होता. रागावलो की म्हणायचा, ‘रमी हा जुगार नाही, सर्वोच्च न्यायालयानेच तिला कौशल्याचा खेळ म्हटले आहे.’ आता त्याच रमीवर बंदी आली. तो खोटे बोलत होता, की न्यायालयाने मत बदलले? (एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर: यांपैकी काहीच झालेले नाही. कायदा जो प्रश्न विचारत होता, तो प्रश्न बदलला आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम आणि आपल्याकडचा १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंध अधिनियम हे दोन्ही कायदे चार भिंतींच्या अड्ड्यासाठी लिहिले गेले. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यांनी आपल्या कक्षेबाहेर ठेवले. त्यामुळे पुढची शंभर-दीडशे वर्षे प्रत्येक खटल्यात एकाच मुद्द्याचा कीस पडत राहिला, तो म्हणजे हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा.

१९६७ मध्ये के. सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून रमी प्रामुख्याने कौशल्याची आहे. तुमच्या मुलाने ऐकले होते ते एवढेच. परंतु त्याच निकालपत्रात पुढे असेही म्हटले आहे की, पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब स्वतःचा नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. ॲपचा धंदा नेमका यावरच उभा होता. डाव कोणीही जिंको, प्रत्येक डावातून कंपनी आपला हिस्सा काढून घेत असे. पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात. निकालाचा पहिला भाग सर्वांना पाठ झाला आणि दुसरा भाग कोणाच्या कानावर पडला नाही, याची मला आजही चीड येते.

राज्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. तेलंगणाने २०१७ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये बंदी घातली. तमिळनाडू आणि कर्नाटक यांनी २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्त्या मात्र तेथील उच्च न्यायालयांनी रद्द ठरवल्या, कारण त्यांत कौशल्याचे खेळही जुगारात ओढले होते. हे पाहून केंद्राच्या ‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५’ या कायद्याने तो जुना वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा. पैसे भरून, त्यातून पैसे मिळतील या आशेने तो ऑनलाइन खेळला जात असेल, तर त्याला ‘ऑनलाइन मनी गेम’ म्हणावे आणि तो बंद करावा, अशी ही व्याख्या आहे. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, आणि पैसे न लावता खेळायचे खेळ तिच्याबाहेर आहेत.

मला ही व्याख्या योग्य वाटते. रमीला अक्कल लागते हे खरेच आहे. पण रात्री दोन वाजता, हरलेले पैसे भरून काढण्यासाठी, समोर कोण बसले आहे हे ठाऊक नसताना खेळलेल्या चाळिसाव्या डावात त्या अकलेचे काय उरते, हा प्रश्न जुन्या कायद्यांना पडलाच नव्हता. हेही सांगायला हवे की, ‘सट्टा व जुगार’ हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय असताना केंद्राने असा कायदा करावा का, असा आक्षेप कंपन्यांनी घेतला आहे. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतील या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. आक्षेप पोकळ नाही, आणि त्याचा निवाडा त्याच न्यायालयाने करायचा आहे.

प्रश्न: मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, पण परदेशी सट्ट्याच्या लिंका टेलिग्रामवर रोज येतात. एक बंद केली की नाव थोडे बदलून दुसरी येते. मग बंदीचा उपयोग काय? शिवाय कालपर्यंत सरकार याच खेळांवर कर घेत होते ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कराचे म्हणणे बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दोन वर्षांच्या आत बंदी आली. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, या उद्योगाने स्वतःच्याच संस्थांमार्फत स्वतःवर नियमन करावे, अशी योजना आखली होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही. धोरणातल्या या धरसोडीच्या काळात जी घरे बुडाली, त्यांची भरपाई कोणताही कायदा करणार नाही.

संकेतस्थळे अडवण्याच्या उपायाला मर्यादा आहेत, हे तुम्ही पाहतच आहात. २०२२ ते जून २०२५ या काळात सट्टा-जुगाराच्या संकेतस्थळांविरुद्ध आणि ॲपविरुद्ध १,५२४ आदेश काढल्याचे सरकारने सांगितले आहे. तरीही तुमच्या फोनवर लिंका येतात. परंतु जुगाराला लिंक जितकी लागते, त्याहून पैशाची वाट अधिक लागते. अमेरिकेने २००६ च्या कायद्यात बँका आणि कार्ड कंपन्यांवरच बोट ठेवले. नॉर्वेनेही २०१० पासून परदेशी जुगार कंपन्यांकडे जाणारा पैसा अडवण्याचा मार्ग धरला. आपल्या कायद्यातही असे व्यवहार पार पाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. खेळ चालवणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. जाहिरातीच्या बाबतीत फरक लगेच दिसला: भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे ड्रीम११ हे नाव कायदा होताच उतरले. पैशाच्या वाटेची कसोटी अजून कठीण आहे, कारण परदेशी सट्टेवाले कंपनीच्या नावाने पैसे घेत नाहीत. ते सामान्य माणसांच्या खात्यांतून घेतात. पुढचे पत्र त्याच संदर्भातले आहे.

प्रश्न: माझ्या भाच्याने ओळखीच्या एका माणसाला स्वतःचे बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड वापरायला दिले आहे. दर महिन्याला त्याला ठरावीक रक्कम मिळते. तो स्वतः जुगार खेळत नाही. यात धोका आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मोठा धोका आहे, आणि हे उत्तर वाचल्यानंतर एक दिवसही थांबू नका. सट्ट्याचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरवला जातो. चौकशी लागते तेव्हा कागदोपत्री नाव तुमच्या भाच्याचे असते आणि खाते वापरणारा माणूस सापडत नाही. वर सांगितलेली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केवळ बँकांना लागू नाही. असे व्यवहार सुलभ करणाऱ्या कोणाही व्यक्तीला ती लागू होते. खात्यात कुठल्या फसवणुकीचा पैसा आला असेल, तर ते गोठवले जाईल आणि प्रकरण आणखी वाढेल. भाच्याने बँकेत लेखी अर्ज देऊन खाते व कार्ड आजच थांबवावे, सिम बंद करावे आणि वकिलाला सोबत घेऊन आपण होऊन पोलिसांकडे जावे.

प्रश्न: माझ्या नवऱ्याने सट्ट्यापायी मित्रांकडून आणि कर्ज देणाऱ्या ॲपकडून पैसे उचलले आहेत. पोलिसांत गेले तर त्यांनाच धरतील, या भीतीने मी गप्प आहे. गेलेले पैसे परत मिळतील का? (एक भगिनी, सोलापूर जिल्हा)

उत्तर: ताई, ही भीती आधी काढून टाका. केंद्राच्या या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. विधेयक मांडताना सरकारने खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानता पीडित मानण्याचीच भूमिका घेतली होती. परदेशी सट्ट्याची लिंक, ज्या खात्यांत पैसे भरले त्यांचे क्रमांक आणि व्यवहारांच्या नोंदी जपून ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार द्या. पैसे नुकतेच गेले असतील, तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

जुन्या हरलेल्या रकमांविषयी मात्र खोटी आशा दाखवणार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणून पैजेचे पैसे मागण्यासाठी दावा चालत नाही. याची दुसरी बाजू तुमच्या उपयोगाची आहे: सट्ट्यात हरलेले पैसे द्या म्हणून कोणी बुकी दारात आला, तर त्यालाही न्यायालयाचा आधार नाही. कर्ज म्हणून घेतलेले पैसे हा वेगळा विषय आहे आणि ते देणे लागतात, असे धरूनच चाला. कर्ज देणारे ॲप धमक्या देत असेल, तर प्रत्येक संदेश जपून ठेवून त्याचीही तक्रार करा.

आणि नवऱ्यावर केवळ रागावून हे सुटणार नाही. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदलेला विकार आहे आणि त्यावर उपचार होतात. सरकारची टेलिमानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. पहिला फोन त्यांनी करायला हवा असे नाही, तुम्हीही करू शकता. तोवर घरखर्चाचे पैसे तुमच्या एकटीच्या नावावरील खात्यात वळवा आणि त्या खात्याचा पासवर्ड तुमच्याजवळच ठेवा.