घटस्फोटासाठी वकिलाला पहिल्यांदा भेटताना काय तयारी करावी? मोठा भाऊ सोबत येतो म्हणतोय, नेऊ का?

नेऊ नका. कागदांचं नंतर सांगते.

२०१८ च्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेत मी सोलापूरला माहेरी आले, ती परत नांदायला गेले नाही. माझे कपडे, भांडी, शिलाई मशीन मात्र ऑगस्टमध्ये टेम्पोतून आलं. २०१९ च्या मार्चमध्ये दादा मला वकिलांकडे घेऊन गेला. वकिलांनी विचारलं, वेगळे कधीपासून राहता? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "सात महिने झाले." त्याने टेम्पोपासून मोजलं होतं! परस्पर संमतीच्या अर्जाला एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं. वकील म्हणाले, वर्ष भरलं की या. खरं तर १४ महिने होऊन गेले होते. मी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसले, कारण मोठ्या भावाचं बोलणं परक्यासमोर खोडायचं नाही ही आमच्या घरची रीत. त्यात पाच महिने गेले.

आणि सोनं. स्त्रीधनाचा विषय निघाला तर दादा म्हणतो, "सोन्याचं सोडा साहेब, हिला मोकळी करा." त्या पाटल्या आईने विड्या वळून केल्या होत्या. तिच्या मजुरीवर पाणी सोडणारा तू कोण? स्त्रीधन बाईचं असतं, नवऱ्याचं नाही आणि भावाचंही नाही.

ऑगस्टमध्ये मी एकटी गेले. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्या सवयीने एका फुलस्केपवर तारखा उतरवून नेल्या: लग्न, माहेरी आले तो दिवस, नंतरची प्रत्येक बैठक. सोबत सोनाराची पावती आणि हातातल्या पाटल्या दिसतात असा लग्नातला फोटो. वकिलांनी वाचलं आणि विचारलं, "हे मार्चमध्ये का नाही सांगितलंत?" संमतीच्या अटींत पाटल्या लिहिल्या गेल्या, आणि त्या परत आल्या.

तेव्हा तारखांचा कागद आधी करा. लग्नपत्रिका, पासबुक, नवऱ्याच्या नोकरीची आणि पगाराची जेवढी माहिती असेल तेवढी न्या. पोटगी मागितली की दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश आहे. आपली चूक असेल तीही वकिलांना सांगा, समोरची बाजू ती काढणारच. फी पूर्ण केसची की प्रत्येक तारखेची, हे पहिल्याच दिवशी विचारा. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी करू नका. दादाचा पहिला बेत तोच होता. त्याने लग्न मोडत नाही.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं. त्यातही जातीत फारकतीची जुनी रूढी असेल तर ती सिद्ध करता येते, पण ते वकिलांना विचारूनच. मारहाण झाली असेल, जिवाची भीती असेल, तर एकटीने फिरू नका, भावाला न्या. फक्त त्याला बाहेरच्या बाकावर बसवा.

दादा अजून प्रत्येक कार्यात सांगतो, "मीच हिला सोडवली." दादा, टेम्पो ऑगस्टमध्ये आला. मी जानेवारीत आले होते.