दिवेलागणीनंतरची दहा मिनिटं: वाचकांचे प्रश्न

संध्याकाळच्या आत्मपरीक्षणाविषयी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर बडोद्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेते; नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न: रात्री सगळं आवरून अंथरुणावर पडले की दिवस आठवायला घेते. सकाळच्या चहापर्यंत पोचते, तोच डोळा लागतो. रोज हेच होतं. (गृहिणी, कारेलीबाग)

उत्तर: वेळ बदला. पाठ टेकली की दमलेलं शरीर झोपच मागणार. देवापाशी दिवा लावलात की कुकर चढवायच्या आधी तिथेच दहा मिनिटं बसा. दिवस पुरता संपलेला नसतो हे चांगलंच आहे. कुणाशी दोन शब्द बोलून काही सावरायचं असेल तर संध्याकाळ हाताशी असते.

आणि सकाळपासून सुरुवात करू नका, आत्तापासून मागे जा. दिवा लावला, त्याआधी भाजी आणली, त्याआधी बहिणीशी फोनवर बोललात. सुलट क्रमाने आठवलं की 'त्या असं म्हणाल्या म्हणून मी तसं म्हणाले' अशी आपल्या बाजूची गोष्ट आपोआप रचली जाते. उलट क्रमात ती रचायला जमत नाही, आपण काय केलं तेवढंच समोर येतं. सगळा दिवस आठवलाच पाहिजे असंही नाही.

तुम्ही लिहिलेला प्रसंगच घ्या. सासूबाईंनी गोळ्यांची डबी कुठे आहे हे तिसऱ्यांदा विचारलं आणि तुम्ही फ्रिजचं दार आपटलंत. 'चिडले, चुकलं' एवढ्यावर ते सोडू नका. दार आपटण्याआधी हातात काय होतं? तुमच्याच पत्रात आहे: मोबाइल. मुलाच्या शाळेच्या फीचा मेसेज नुकताच वाचला होता. म्हणजे धसका घेतला होता फीचा आणि निघाला सासूबाईंवर. हे दिसलं की उद्यासाठी एक अगदी छोटी गोष्ट हाती लागते: असा मेसेज वाचला की कुणाला उत्तर देण्याआधी एक श्वास थांबायचं. माझ्या मते या दहा मिनिटांतलं खरं काम एवढंच आहे.

प्रश्न: मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात सुपरवायझर आहे. रोज रात्री दिवसभराच्या चुका वहीत लिहितो. यादी वाढतच चालली आहे. स्वतःची घृणा वाटते, झोप उडाली आहे. सुरुवातीला असं होतंच का?

उत्तर: नाही, आणि ती यादी आजपासून बंद करा. तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या गावात जैन शेजार पुष्कळांना आहे. त्यांचं प्रतिक्रमण तुम्ही ऐकलं असेल. संध्याकाळचं ते देवसी, पहाटेचं ते राई. दोषांची कबुली हा त्याचा गाभा खरा, पण ज्या सहा आवश्यक क्रियांत ते बसवलं आहे त्यांत कबुली चौथ्या जागी येते. आधी सामायिक, म्हणजे समभावात स्थिर होणं. मग तीर्थंकरांचं स्तवन, मग गुरुवंदन. कबुलीनंतर कायोत्सर्ग, देहाचा मोह सोडून स्थिर राहणं. शेवटी प्रत्याख्यान, म्हणजे पुढे काय टाळायचं त्याचा नेम. तुम्ही या सहांतली चौथी पायरी तेवढी उचललीत. अस्वस्थ मनाने दोष शोधले की प्रत्येक दोष डोंगराएवढा दिसतो.

दुसऱ्या परंपरांनाही हे कळलं होतं. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने ख्रिस्ती साधकांना दिवसाच्या परीक्षणाची रीत घालून दिली, तिची सुरुवात देवाचे आभार मानण्यापासून होते. पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो, की रात्री दिवा नेला आणि बायको गप्प झाली की तो आपला दिवस तपासायचा, स्वतःपासून काही लपवायचा नाही. वादात फार हटून बोललो, कुणाला सुनावताना त्याला सुधारण्याऐवजी दुखावलं, असल्या साध्या गोष्टी. आणि दोष सापडला की स्वतःला सांगायचा: पुन्हा करू नकोस, या वेळी माफ केलं. हे शेवटचं वाक्य तुमच्या वहीत कुठेच नाही.

तेव्हा असं करा. आधी पाच मिनिटं नुसते शांत बसा. मग आज कुणामुळे आपलं काम सोपं झालं ते आठवा. कारखान्यात असा माणूस रोज सापडेल. मग एकच चूक, आणि तिच्यासाठी उद्या करायची एकच गोष्ट. एखाद्या कामगाराची माफी मागायची असेल तर ती उद्या पाळी सुरू होताना समोर जाऊन मागा. मनातल्या मनात दहा वेळा मागितलेली माफी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आणि झोप व घृणेचा हा त्रास दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे जा. घरच्यांपैकी कुणाला तरी आज सांगा.

प्रश्न: मी रोज स्वतःला तपासते, पण जाऊबाईंना याची खरी गरज आहे. त्यांना कसं सांगू?

उत्तर: सांगू नका.

प्रश्न: मी युनिव्हर्सिटीत शिकतो, देव मानत नाही. मग याला साधना म्हणता येईल का? आणि झालेल्या गोष्टी रात्री उगाळून काय मिळतं?

उत्तर: देव न मानणाऱ्यालाही ही वाट पूर्ण मोकळी आहे. पाली त्रिपिटकात, मज्झिम निकायात, बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला विचारतो, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असं राहुल म्हणतो. तसंच प्रत्येक कृती पाहून करावी, असं बुद्ध सांगतो: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. आपल्याला, दुसऱ्याला, दोघांना यातून पीडा होते का? सगळा उपदेश एवढ्या प्रश्नावर उभा आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सुरुवातीला आपल्याला फक्त 'केल्यावर' दिसतं, तेही संध्याकाळी. हळूहळू मित्राला टोमणा मारताना, वाक्य अर्धं तोंडात असतानाच ते जाणवतं. मग कधीतरी तोंड उघडण्याआधीच. संध्याकाळचं पाहणं असं दिवसात शिरत जातं, आणि याला मी साधनाच म्हणेन. महिनोन् महिने लागतात, धीर सोडू नकोस.

प्रश्न: नवरात्रात गरब्याहून यायला मध्यरात्र उलटते. नऊ दिवस खंड पडला तर?

उत्तर: मनापासून गरबा खेळा. त्या दिवसांत सकाळी अंघोळ झाल्यावर पाच मिनिटं आदल्या दिवसाकडे पाहा. रात्रीसाठी पहाटेचं राई प्रतिक्रमण असतंच की. तेही एखाद्या दिवशी राहिलं तर राहिलेले दिवस भरून काढत बसू नका, दसऱ्याच्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला पुन्हा बसा.