‘आता अपग्रेड कधी?’

प्रश्न : नमस्कार दादा. मी नाशिकला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून तीस हजारांची रोड सायकल घेतली. अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे दोन आणि मागे आठ गिअर, क्लॅरिस नावाचा स्वस्तातला गिअरसेट. रविवारी पहाटे एका ग्रुपबरोबर त्र्यंबक रोडला जाते. सायकल मला मनापासून आवडते. सातपूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला की लॅबमधला सगळा आठवडा डोक्यातून जातो. पण चहाला थांबलो की बोलणं माझ्या सायकलीवर येतं. ‘शिकायला ठीक आहे’, ‘क्लॅरिस? अजून मिळतं का ते?’, ‘आता अपग्रेड कधी?’ एकांनी तर सायकल उचलून वजन पाहिलं आणि काही न बोलता ठेवून दिली. चढावर मी मागे पडते हेही खरं. दोन लाखांची कार्बन सायकल हप्त्यांवर घ्यावी का? मिस्टर म्हणतात, हवी तर घे. सप्तशृंगी गडाचा घाट चढायचं फार मनात आहे. या सायकलीवर जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हप्त्यांवर सायकल घेऊ नका. गड याच सायकलीवर चढा.

आधी गडाचंच बोलू. नांदुरीहून वर जाणारा घाट सुमारे दहा किलोमीटरचा आहे. तुमच्या सायकलीचं पुढचं लहान चक्र बहुतेक ३४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यांत मोठं २८ दात्यांचं असेल. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा फेऱ्याच्या जवळ फिरतं. पायडल मिनिटाला साठ फेरे चालू ठेवायचं तर ताशी नऊ किलोमीटरच्या वर वेग हवा, आणि घाटात तो टिकत नाही. मग पायडल जड होतं, गुडघ्यावर जोर येतो आणि आपल्याला वाटतं सायकल हलक्या प्रतीची आहे. मागे ११-३४ ची कॅसेट, म्हणजे सगळ्यांत लहान ११ आणि सगळ्यांत मोठं ३४ दात्यांचं असा चक्रांचा संच, बसवून घेतली की तेच साठ फेरे ताशी साडेसातला मिळतात. बसून, श्वास सांभाळून चढता येतं. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, लांब पिंजऱ्याचा आहे ना, एवढं मेकॅनिकला विचारा. आखूड असेल तर ३४ बसत नाही, तोही बदलावा लागेल. चेनही थोडी लांब लागेल. सगळं मिळून काही हजारांत होतं.

आता वजनाचं, कारण ज्यांनी तुमची सायकल उचलून पाहिली त्यांच्या मनात तेच होतं. माझं निम्मं आयुष्य चाकांचा आउट (वाकडेपणा) काढण्यात आणि हबमध्ये ग्रीस भरण्यात गेलं, दुकानातल्या काट्यावर सायकली रोज चढतात. तीस हजारांची सायकल साडेदहा-अकरा किलो भरते, दोन लाखांची कार्बन आठच्या आसपास. फरक तीन किलो. पण चढावर सायकल एकटी जात नाही. तुमचं वजन ५८ किलो धरू. सायकल, पाण्याच्या बाटल्या, पंप, ट्यूब मिळून ७२ किलो वर न्यायचे आहेत, कार्बनवर ६९. म्हणजे चार टक्के. तासाभराच्या चढाला अडीच मिनिटांचा फरक पडेल. त्या अडीच मिनिटांसाठी एक लाख सत्तर हजार जास्त मोजायचे की नाही, हा हिशेब शर्यत लावणाऱ्याने करावा. व्यावसायिक शर्यतींत तर सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा २००० सालापासूनचा नियम आहे.

सपाटीवर गोष्ट आणखी वेगळी. ताशी तीसच्या आसपास गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, सायकलीच्या वजनाचा संबंध फारसा उरत नाही. पुढच्याच्या चाकामागे नीट राहता आलं तर कष्ट चांगलेच कमी होतात. ग्रुपमधल्या एखाद्या जाणत्याला सांगा, ‘मला मागे राहायला शिकवा.’ एवढं जमलं की तुम्ही ग्रुपपासून सुटणार नाही.

आणि क्लॅरिस. आठ गिअरांची लाज कशाला वाटायची? १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या मिगेल इंदुराइनच्या सायकलीलाही मागे आठच चक्रं होती. त्याच टूरमध्ये १९३७ सालापर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती. गिअर बदलणं म्हणजे कमकुवतपणा, असं आयोजकांना वाटे. रस्त्यावर कोणाची सायकल मानाची हे ठरवणारे लोक तेव्हाही होते, फक्त तेव्हा गिअर असणं कमीपणाचं होतं. आज तुमच्या क्लॅरिसची आठ चक्रांची चेन आणि कॅसेट स्वस्त मिळते, तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ती बसवून देतो. लांब जाणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

आता पैसे कुठे घालावेत ते सांगतो, कारण स्वस्त सायकलीत काही ठिकाणी काटकसर केलेली असते आणि ती मी लपवणार नाही. सगळ्यांत आधी टायर. मूळचे टायर जाड तारेचे आणि कडक असतात. ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ मिलिमीटरचे चांगले टायर घाला आणि हवा ६५-७० पीएसआयच ठेवा. पुष्कळ दुकानांत रोड सायकल दिसली की शंभरच्या वर हवा मारतात. तुमच्या वजनाला ती फार होते, हात सुन्न पडतात, आणि मग ‘कार्बन घे, धक्के बसणार नाहीत’ असा सल्ला मिळतो. योग्य टायर आणि योग्य हवेने धक्के जितके कमी होतात तितके फ्रेम बदलून होत नाहीत, हे मी गिऱ्हाइकांच्या सायकलींवर वारंवार पाहिलं आहे. तुमच्या ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर पिशवीत ठेवा. नाहीतर रस्त्यावरचा पंक्चरवाला पंप हातात घेऊन नुसता बघत राहील.

दुसरं चाक. कारखान्यातून आलेल्या स्वस्त चाकाचे आरे दोन-तीनशे किलोमीटरनंतर ढिले पडतात. एकदा सगळे ताणून, आउट काढून घ्या. नाही घेतलं तर आरे तुटायला लागतात. तिसरं ब्रेक शू. मूळचे कडक असतील तर मऊ रबराचे घाला, गड उतरताना तेच उपयोगी पडणार आहेत. मुसळधार पावसात मात्र रिमवरचा ब्रेक डिस्कइतका धरत नाही, ते मान्य करूनच निघायचं. आणि सीट तुमच्या बैठकीच्या हाडांच्या रुंदीची हवी. बायकांना बहुतेक वेळा कंपनीची सीट अरुंद पडते, तरी पुष्कळजणी महिनोन्महिने सोसत राहतात. हे सगळं करूनही दोन लाखांतले बरेचसे पैसे तुमच्याकडे राहतील.

महाग सायकल वाईट असते असं माझं म्हणणं नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. जवळजवळ ४८०० किलोमीटर. तशा शर्यतीत हलकी, उत्तम सायकल कामाला येते. तुम्हालाही ती कधीतरी लागेल. ‘ही सायकल मला अमुक गोष्ट करू देत नाही’ असं नेमकं बोट ठेवता आलं की घ्या, रोख घ्या. चहाच्या टपरीवर कोणी काही म्हणालं, हे कारण पुरेसं नाही.

त्या लोकांशी भांडूही नका. त्यांतल्या बऱ्याच जणांना यंत्राचा शौक आहे आणि शौक बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. ‘अपग्रेड कधी?’ असं विचारलं तर ‘मला हीच आवडते’ म्हणा आणि चहा घ्या. पण दर रविवारी मन खट्टू होत असेल तर दुसरा ग्रुप शोधा, त्यात हार नाही. ब्रेव्हे नावाचा प्रकार तुम्हाला मानवेल असं मला वाटतं. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास. तिथे पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट तपासतात. सायकल केवढ्याची, हे कोणी विचारत नाही. पहिला-दुसरा असे नंबरही काढत नाहीत.

एक गोष्ट मला बोलायचीच आहे. त्याच त्र्यंबक रोडवर पहाटे सातपूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार काळ्या, जड सायकलींवर असतात. डबा कॅरिअरला, अंगात स्वेटर. वर्षाचे बारा महिने, पावसातसुद्धा. आपल्या शहरात सायकल टिकवली ती यांनी, आणि रविवारचे ग्रुप त्यांच्या शेजारून हात न उंचावता निघून जातात. मला हे फार खुपतं. तुम्ही हात करा.

गडाला चैत्रातली यात्रा आणि नवरात्र टाळून जा, उजाडताच नांदुरी सोडा. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, थोडे सोडायचे. धरून ठेवले तर रिम तापते.

प्रश्न : सांगलीहून लिहितो. मुलगा नववीत आहे, रोड सायकलीचा हट्ट आहे. नवी झेपत नाही, बारा-पंधरा हजारांत जुनी बघतोय. मित्र चिडवतील म्हणून तो नाराज आहे. काय पाहून घेऊ?
— एक पालक

उत्तर : जुनी जरूर घ्या. हँडलखालच्या आणि पायडलजवळच्या जोडांवर रंगात बारीक चीर दिसली तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. रिमवर जिथे ब्रेक घासतो तिथे बोट फिरवा. खळगा लागला तर चाक बदलायला आलं. पायडलचा दांडा धरून आत-बाहेर हलवा, खडखड नको. चेनला बारा इंचांची पट्टी लावा. शून्यावर एक पिन ठेवली की बारा इंचांच्या खुणेवर पिनच यायला हवी. एक सूत (इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन संपली, आणि बहुतेक कॅसेटही, तेवढे पैसे कमी करून मागा. मुलगा वाढतोय म्हणून मोठ्या मापाची घेऊ नका, हात ताणून चालवली तर पाठ दुखते. सायकल घरी आणली की चेन, ब्रेकच्या तारा आणि हँडलची टेप तुम्ही दोघांनी मिळून बदला. टेपचा रंग त्याला निवडू द्या.