भाचीचा सातवीचा निरोप समारंभ आहे, गावातल्या छोट्या जिल्हा परिषद शाळेत. मामा म्हणून पुण्याहून जाताना काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की पट चाळीसच्या आसपास, सातवीत आठ मुलं, आणि मुख्याध्यापकांनी तुम्हाला ‘पाहुणे’ म्हणून बोलावलंय. मी अशाच शाळेत शिकवते, म्हणून शाळेच्या बाजूने सांगते.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. कार्यक्रम आठ-साडेआठला सुरू झाला तर ठीक, कारण अकरानंतर पत्र्याखाली मुलं बसू शकत नाहीत. उशीर होतो तो सत्कारांमुळे. प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक झालं की शाल-श्रीफळ सुरू होतं. एका सत्काराला दोन मिनिटं धरली तरी पंधरा सत्कारांत अर्धा तास जातो, आणि ज्यांचा निरोप आहे त्या मुलांची मनोगतं शेवटी उरकली जातात. तुम्ही पाहुणे आहात, त्यामुळे तुमचा शब्द चालतो. आदल्या आठवड्यात फोन करून सांगा, ‘सर, माझा सत्कार नको, गुलाबाचं एक फूल पुरे. मुलांना आधी बोलू द्या.’ मुख्याध्यापकांनाही बहुतेक वेळा हेच हवं असतं, पण शाळा व्यवस्थापन समितीसमोर ते स्वतः म्हणता येत नाही.

भेटवस्तू फक्त भाचीसाठी नेऊ नका. आठांनाही तीच, एकाच आकाराची. कंपासपेटी, पाण्याची पक्की बाटली किंवा खिशात मावणारा इंग्रजी-मराठी शब्दकोश चांगला. भाचीला वेगळं काही द्यायचं असेल तर घरी द्या. शाळेसाठी काही द्यायचं असेल तर आधी विचारा. भिंतीवरची घड्याळं बहुतेक शाळांत आधीच दोन-तीन असतात.

जेवण द्यायची इच्छा असेल तर मुख्याध्यापकांना आधी कळवा. पोषण आहारात त्याला ‘स्नेहभोजन’ म्हणून जागा आहे. मुलं आणि मोठी मिळून साठ पानं धरा: मसालेभाताला ५ किलो तांदूळ, जिलेबी ४ किलो, मठ्ठ्याला ५ किलो दही. मठ्ठा घरून घुसळून आणला तर उन्हाने अकरापर्यंत आंबतो. दही गार ठेवून शाळेतच घुसळा. क्रीमचा केक, बासुंदी, खव्याची मिठाई या दिवसांत नकोच. वाढण्याआधी एखाद्या शिक्षकाने चव घेणं हा नियम आहे, तो पाळू द्या. प्यायला २० लिटरचे तीन जार लागतात.

बोलायला सांगतीलच. तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठही मुलांची नावं आधी पाठ करा आणि नावानिशी बोला, प्रत्येकाबद्दल एकेक खरी गोष्ट: कोण वाचन चांगलं करतं, कोण झाडांना पाणी घालतं. ती वर्गशिक्षकांकडून फोनवर मिळेल. ‘मोठे व्हा, नाव काढा’ मुलं दरवर्षी ऐकतात. वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा स्पीकर चार्ज करून न्या. तो तुमच्या मागे ठेवला तर माइक शिट्टी मारतो, म्हणून पुढे, मुलांच्या बाजूला तोंड करून ठेवा.

गटफोटो जेवणाआधी घ्या. जेवणानंतर गणवेशावर जिलेबीचा पाक असतो. मुलांचं तोंड उन्हाकडे केलं तर सगळ्यांचे डोळे मिटतात. झाडाखाली कवडसे पडतात आणि चेहरे ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. इमारतीची सलग सावली उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतर मिळतो, पण तो जनरल रजिस्टरवरून उतरवला जातो. म्हणून ताईंना आणि दाजींना त्याच दिवशी रजिस्टरमधली नोंद दाखवायची विनंती करायला सांगा. विनंती पालकांनीच करावी, मामाने नाही. मुलीचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात-पोटजात हे जन्मदाखला आणि आधारशी ताडून पाहा. बहुतेक चुका आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि आईच्या नावाच्या असतात. मुलगी पटावर असताना दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी, दाखला निघाल्यावर ती अवघड होते आणि हेलपाटे सुरू होतात. जातीची नोंद पुढे जात पडताळणीत पाहिली जाते. यू-डायसवरचं, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतलं, इंग्रजी स्पेलिंगही आधारसारखंच हवं, नाहीतर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, अडतो.

आणि आठवीला कुठे जाणार, हे नुसतं भाचीला नाही, आठही मुलांच्या पालकांना विचारा. सातवीनंतर शाळा लांब पडते आणि मुली तिथेच गळतात, हे मला फार लागतं. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, त्यासाठी नव्या शाळेचं बोनाफाईड लागतं. ज्या घरात ‘बघू’ असं उत्तर येईल, तिथे वर्गशिक्षकांना सोबत घेऊन दुपारी जाऊन या. गावाबाहेरून आलेल्या माणसाने विचारलं की घरचे जरा वेगळं ऐकतात.