वाचकांचे प्रश्न : बेताच्या खर्चात रायफल

प्रश्न : मी कोलोरॅडोत राहतो. ओळखीच्या पशुपालकाच्या कुरणात प्रेअरी डॉगनी (खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी) जागोजागी बिळे केली आहेत आणि ते मारायला त्याची परवानगी आहे. त्याच रायफलने रेंजवर कागदी लक्ष्यावर सरावही करायचा आहे. स्कोप (नेमाची दुर्बीण) धरून हजार डॉलर आहेत. काय घ्यावे?

उत्तर : .223 रेमिंग्टन या काडतुसाची, जाड बॅरलची (नळीची) बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर बाराला हाताने खटका (बोल्ट) ओढून भरायची रायफल घ्या. .22 लाँग रायफलची काडतुसे सर्वांत स्वस्त, पण शंभर यार्डांपुढे गोळी फार खाली येते आणि कडक जमिनीवरून उसळून भलतीकडे जाते. .17 एचएमआर दीडशे यार्डांपर्यंत छान; पुढे वारा तिची गोळी ढकलतो. .22-250 वेगवान आहे, पण दारू बरीच जास्त जाळते, म्हणून बॅरल लवकर तापते आणि लवकर झिजते. .223ची पातळ आवरणाची 55 ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला सुमारे 3,200 फूट वेगाने सुटते आणि आदळताच फुटते. उसळण्याचा धोका त्यामुळे कमी होतो, संपत नाही. मागे मातीचा उंचवटा असल्याशिवाय बार काढूच नका. नेम 200 यार्डांवर बसवला, तर 300 यार्डांवर गोळी साधारण 7 इंच खाली लागते.

सॅव्हेज ॲक्सिस 2 आणि रुगर अमेरिकन प्रेडेटर या दोन्ही तुमच्या आवाक्यातल्या. निवडताना ट्विस्ट बघा, म्हणजे किती इंचांत गोळी एक फेरा घेते ते. ॲक्सिसचा 9 इंचांत एक, प्रेडेटरचा 8 इंचांत एक. कुरणातल्या 50-55 ग्रेनच्या गोळ्यांना दोन्ही चालतात. रेंजवर लांब पल्ल्यासाठी 75-77 ग्रेनच्या लांबट गोळ्या वापरायच्या असतील तर 8चाच घ्या. ट्विस्ट कमी पडला की गोळी डोलत जाते. कागदावरचे भोक गोल न पडता लांबट पडते, ही त्याची खूण.

स्वस्त रायफलीचे दुखणे बहुधा प्लॅस्टिकच्या स्टॉकमध्ये (दस्त्यात) असते. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार देताच तो लवतो आणि बॅरलला टेकतो. मग पाचातल्या दोन गोळ्या उगाच बाजूला जातात आणि दोष काडतुसांना मिळतो. एक डॉलरची नोट बॅरल आणि स्टॉकच्या फटीत सरकवून पाहा. बायपॉडवर दाब देऊनही ती चेंबरजवळपर्यंत (काडतूस बसते त्या जागेपर्यंत) सहज गेली पाहिजे. अडकली तर स्टॉकचा तेवढा भाग सँडपेपरने घासून मोकळा करा.

रायफल पाचशे-साडेपाचशेत बसवा आणि उरलेला पैसा स्कोपला ठेवा, इथे हात आखडू नका. रायफलीबरोबर जोडून येणारा 3-9 पटींचा स्कोप तीनशे यार्डांवर तोकडा पडतो. 4-16 पटींचा, पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे) जुळवता येणारा घ्या. स्कोप धरणाऱ्या रिंगांच्या स्क्रूंवरचे तेल पुसून ते 15 ते 18 इंच-पाउंडांवर (आवळण्याच्या जोराचे माप) आवळा. नेम रोज नव्या जागी सरकत असेल तर आधी हेच स्क्रू तपासा. काडतुसांच्या तीन-चार जातींचा एकेक डबा आणून प्रत्येकीचे पाच-पाच बार 100 यार्डांवर काढा. एका इंचात बसेल ती जात धरा, कारण तो इंच 300 यार्डांवर तीन इंच होतो आणि प्रेअरी डॉग जेमतेम तेवढाच रुंद असतो. दहाएक बारांनंतर बोल्ट उघडा ठेवून बॅरल निवू द्या. कानांना संरक्षण हवेच.

प्रश्न : मी एच-1बी व्हिसावर आहे. मला रायफल घेता येईल का?

उत्तर : सरसकट नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूकच काय, काडतुसेही बाळगता येत नाहीत. याला मोजके अपवाद आहेत. त्यांतला तुमच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकारपरवाना. दुकानात 4473 क्रमांकाचा अर्ज भरताना तो दाखवावा लागतो. परवान्याची मुदत संपली की घरातली रायफलही बेकायदा ठरते, म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. ग्रीनकार्डधारकांना ही अट नाही. राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे.

प्रश्न : कोल्हापुरात राहतो. एअर रायफलवर नेमबाजी सुरू करायची आहे. स्प्रिंगची घ्यावी का?

उत्तर : घरच्या सरावाला चालेल, 4.5 मिलिमीटरचीच घ्या. छरे सपाट डोक्याचे आणा. ते कागद गोल कापतात, त्यामुळे गुण नीट मोजता येतात. स्प्रिंग पुढे झेपावताना रायफल आधी मागे, मग पुढे हिसका देते. म्हणून ती आवळून धरू नका, डाव्या तळव्यावर नुसती टेकवा. छऱ्याशिवाय चाप ओढू नका, पिस्टनचे सील फुटते. स्पर्धेत 10 मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथवर जायचे तर पुढे दाबाच्या हवेची रायफल लागेल. ती आधी क्लबातली वापरून पाहा, घाईने विकत घेऊ नका.