सिनॉप्सिस पाठवण्यापूर्वी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मेंदूच्या हिवतापावर (मलेरियावर) आर्टेसुनेट या हिवतापाच्या इंजेक्शनच्या जोडीला एखादे पूरक औषध देऊन पाहण्याचा तुझा आराखडा मी दोनदा वाचला. आरोग्य विद्यापीठाकडे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, पाठवण्याची मुदत जवळ आली आहे, म्हणून भेटीची वाट न पाहता लिहितो आहे. तू निवडलेले औषध प्रयोगशाळेतील उंदरांना वाचवते, यावर तुझी सगळी भिस्त आहे, आणि मला खटकते ते नेमके हेच.

त्या उंदरांना प्लास्मोडियम बर्गेई या उंदरांच्या हिवतापाच्या जंतूची लागण केलेली असते आणि अशा प्रयोगांत औषध पुष्कळदा लक्षणे दिसण्यापूर्वीच दिले जाते. आपला रुग्ण मात्र बेशुद्ध झाल्यावर दवाखान्यात येतो. माणसात फाल्सिपॅरम या हिवतापाच्या जंतूची लागण झालेल्या तांबड्या पेशी मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून रक्तप्रवाह अडवतात, तर उंदरात सीडी-८ टी या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा वाटा फार मोठा असतो. त्यामुळे उंदीर वाचला म्हणून माणूस वाचेल, असे गृहीत धरता येत नाही.

तुझ्या आराखड्यात ‘झटक्यांची संख्या’ आणि ‘शुद्धीवर येण्यास लागलेला वेळ’ ही प्रमुख मोजमापे म्हणून मांडली आहेत. केनियातील किलिफी येथे 340 मुलांवर झालेली आणि 2000 साली प्रसिद्ध झालेली फेनोबार्बिटोन या झटके रोखणाऱ्या औषधाची चाचणी मुळातून वाच. दर किलो वजनामागे 20 मिलिग्रॅमचा एकच डोस दिल्याने झटके स्पष्टपणे कमी झाले. तेवढेच मोजले असते, तर ते औषध सर्वत्र सुरू झाले असते. पण औषध मिळालेल्या मुलांपैकी 18 टक्के दगावली आणि न मिळालेल्यांपैकी 8 टक्के, कारण व्हेंटिलेटरची सोय नसलेल्या वॉर्डात, विशेषतः डायझेपाम या झटके थांबवणाऱ्या दुसऱ्या औषधाचेही अनेक डोस झालेल्या मुलांचा, श्वास मंदावत गेला असावा. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोष्टही अशीच आहे. मेंदूला सूज आहे, तेव्हा स्टेरॉइड द्यावे, हे तर्काला पटते. पण थायलंडमधील 100 रुग्णांच्या 1982 सालच्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीतच, उलट बेशुद्धी लांबली. (त्यानंतरही कितीतरी वर्षे मी वॉर्डात ते इंजेक्शन सर्रास दिले जाताना पाहिले आहे.) मेंदूची सूज उतरवण्यासाठी देतात त्या मॅनिटॉलनेही ओडिशातील प्रौढ रुग्णांत बेशुद्धी वाढवलीच.

क्विनाइन या जुन्या औषधाऐवजी आर्टेसुनेट वापरल्याने मात्र खरोखर जीव वाचले. आशियातील 2005 सालच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले, पण एवढा फरक खात्रीने दाखवायला 1461 रुग्ण लागले. आफ्रिकेतील मुलांत तर 5425 लागले. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइज, म्हणजे रुग्णांची संख्या, 40 आहे. नाशिकच्या वॉर्डात फाल्सिपॅरमने बेशुद्ध झालेले 40 रुग्ण दोन वर्षांत मिळतील, असेही मला वाटत नाही. त्यासाठी तुला गडचिरोलीकडेच जावे लागेल, आणि ते मिळाले तरी मृत्यूबद्दल काही बोलता येणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की औषध सोडून दे आणि निदानाचा प्रश्न घे. मलावीतील ब्लँटायर येथे मेंदूचा हिवताप ठरवलेल्या 31 मुलांचे शवविच्छेदन केले, तेव्हा त्यांपैकी 7 मुलांच्या मृत्यूचे कारण वेगळेच निघाले. त्यांच्या रक्तात हिवतापाचे जंतू होते, पण मारणारा आजार दुसराच होता. अशी सरमिसळ झालेल्या रुग्णांवर चांगले औषधही निरुपयोगी भासू शकते. त्या अभ्यासात खरे रुग्ण ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण सापडली ती डोळ्याच्या पडद्यावर: पांढुरके चट्टे, रक्तस्राव, रंग बदललेल्या रक्तवाहिन्या. प्रौढांतही हे बदल बांगलादेशात आणि भारतात नोंदले गेले आहेत. तापाने बेशुद्ध होऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचा पडदा तपासून त्याची अंतिम निदानाशी सांगड घालणे, हे काम एका पदव्युत्तर विद्यार्थिनीला झेपण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कोणालाही नवे औषध टोचावे लागत नाही.

नेत्रविभागातून इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याचा पडदा पाहण्याचे उपकरण) वापरायला शिकून घ्यायला महिनाभर तरी लागेल. ते आजच ठरव. बाहुल्या विस्फारण्याचे थेंब घालण्यापूर्वी दोन्ही बाहुल्यांचा आकार आणि प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद नोंदवून ठेव, आणि थेंब घातल्याची वेळ केसपेपरवर ठळक अक्षरांत लिही. नाहीतर रात्रपाळीचा निवासी डॉक्टर त्या विस्फारलेल्या बाहुल्या पाहून मेंदूला इजा झाल्याचा भलताच अर्थ काढेल.

तुझे सर